वहिनीची दहा टनांची चूक

आमची वहिनी प्रवासी विमान चालवते. दादा दातांचा डॉक्टर. "मी लोकांची तोंडं उघडतो, ही बंद करते," असं तो पाहुण्यांना सांगतो. वहिनी बोलायला फटकळ खरी, पण कामात काटेकोर. म्हणूनच ती दुपार तिला फार लागली.

उड्डाणाआधी दोन्ही वैमानिकांनी आपापल्या टॅबलेटवर वेगवेगळा हिशोब करायचा असतो. विमानाचं वजन, वारा, धावपट्टीची लांबी घातली की इंजिनांना किती जोर द्यायचा आणि कोणत्या वेगाला नाक उचलायचं ते कळतं. मग दोघांची उत्तरं ताडून बघायची. त्या दिवशी सामान चढायला उशीर झालेला, सगळे घाईत. सहवैमानिकाने वजनाच्या पहिल्याच आकड्यात सातच्या जागी सहा दाबला आणि दहा टन गायब झाले. वहिनीने वजनाचं पत्रक बघायचं सोडून त्याच्याच टॅबलेटवरचा आकडा उतरवून घेतला. उत्तरं जुळणारच होती!

विमान धावलं. वहिनीने नाक उचललं, पण चाकं काही जमीन सोडेनात. धावपट्टीचं टोक अंगावर येत होतं. आणखी ओढावं तर शेपूट घासणार. तिने हात आवरला आणि इंजिनांना होता नव्हता तेवढा जोर दिला. विमान कसंबसं वर गेलं. मागे लोक आरामात पेपर वाचत होते.

उतरल्यावर वजनाचं पत्रक पुन्हा पाहून सहवैमानिक पांढराफटक पडला. "मॅडम, कुणाच्या लक्षात आलेलं नाही," तो पुटपुटला.

"तुझ्या आलंय, माझ्या आलंय. आणखी कुणाच्या यायला हवं?"

घरी यायच्या आधीच तिने वरिष्ठांना सगळं कळवलं. आकडा त्याचा चुकला, पण तो मी तपासला नाही, असं स्पष्ट सांगितलं. चौकशी होईपर्यंत दोघांनाही घरी बसवलं. वहिनी दिवसभर कपाटं आवरायची, आवरलेली पुन्हा आवरायची.

"अगं, पण उडालं ना विमान?" दादा एकदा न राहवून म्हणाला.

"नशिबाने उडालं. तेवढ्यासाठी मला पगार देत नाहीत."

दादा तिच्यासोबत कपाट लावू लागला.

पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा, असं सगळं पार पाडून दोघंही कामावर परतले. आता नव्या वैमानिकांना हा किस्सा वहिनी स्वतः सांगते, स्वतःचं नाव घेऊन. एका मुलीने विचारलं, "मॅडम, सगळ्यांसमोर सांगताना लाज नाही वाटत?"

"वाटते की! म्हणून काय तुम्हाला सांगू नको?"

परवा मी तिच्याच विमानात होतो. निघायला जरा उशीर झाला, तर शेजारचे गृहस्थ कुरकुरायला लागले. "पुढे करतात तरी काय एवढा वेळ?"

"हिशोब," मी म्हटलं. आमची वहिनी पुढे बसलीय, हेही सांगून टाकलं. राहवलंच नाही.