सुमनताई आणि कॉफी-बनची बेकरी

माझी मोठी जाऊ काल सकाळी गेली. ओट्यापाशी उभी असताना. ड्युटीवर निघायच्या आधी.

हार्ट अटॅक. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

सुमनताई मूळच्या संगमेश्वरकडच्या. लग्नानंतर आमच्या सासरच्या गावातच राहिल्या. भाऊजी मुंबईला कंपनीत, सणावाराला येणार. ते अचानक गेले, आणि ताई आमच्या सासऱ्यांना, आबांना घेऊन इथं रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला आमच्याकडे राहायला आल्या.

गावात भात, गुरं, कुळीथ. इथं दोन खोल्या आणि टीव्ही.

तेवढ्यात ती कॉफी-बनवाली बेकरी रत्नागिरीत निघाली. गावोगावी शाखा आहेत त्यांच्या. वरून कॉफीचा गोड, कुरकुरीत थर, आत लोणी. ताई एकट्याच जाऊन विचारून आल्या आणि नोकरी पक्की करून आल्या.

आबा भडकले.
"काय गो, घरात खायला कमी पडतं काय? आमची सून पाव विकणार?"

"खायला कमी नाही, आबा. दिवस संपत नाही माझा."

आबांनी बोलणं टाकलं. ताई समोर उभ्या असताना मला म्हणायचे, "तिला सांग, पेज वाढ."
ताई वाढायच्या. मग युनिफॉर्म घालून निघायच्या.

असे कितीतरी महिने.

पुढच्या पावसाळ्यात आबांना न्यूमोनिया झाला. ॲडमिट केलं. ताप उतरला, पण तोंडात घास घेईनात. मऊ भात नको, दूध नको. नर्स ओरडून थकली.

संध्याकाळी ताई दुकानातून थेट आल्या. उशी नीट करायला वाकल्या.

आबांनी डोळे न उघडताच विचारलं, "कसला वास गो?"

"बनचा, आबा. कपड्यांना लागतो."

"आणलंस काय?"

नव्हता आणला. आबांना आवडणार नाही म्हणून त्यांनी घरी कधीच आणला नव्हता.
तशाच खाली धावल्या. रिक्षा केली, गरम बन घेऊन परत.

आबांनी चहात बुडवून अर्धा खाल्ला.
"बरा आहे," म्हणाले.

शेजारच्या कॉटवरच्या माणसाने विचारलं, "या कोण?"
"सून माझी. बेकरीत आहे."

ताई कप धुवायला बेसिनपाशी गेल्या. एका कपाला किती वेळ लागतो! मी हाक मारली नाही.

पुढे त्या दुकानाच्या इनचार्ज झाल्या. हाताखालच्या मुली काल स्मशानापर्यंत आल्या होत्या. त्यांना मी काय धीर देणार होते, त्याच मला धरून उभ्या होत्या.

आज घरी भेटायला माणसं येतायत. आबा खुर्चीत बसून आहेत.

शेजारच्या काकू हळहळल्या, "बिचारी! या वयात उगाच नोकरी करावी लागली हो."

आबांनी मान वर केली.
"लागली नाही. तिला आवडायची."

 

सुमनताई, तुम्हाला आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.