‘बरं होईल’ असं लिहायचं नाही!

लंडनच्या कडेला शुभांगीताईंचं छोटंसं मसाज क्लिनिक आहे. मी तिथे फोन, बुकिंग आणि वेबसाइट सांभाळते. काय काम करतेस असं कुणी विचारलं तर सांगते, जाहिराती लिहिते आणि मग खोडते. लिहिलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, खोडलेल्याचे मात्र किस्से होतात. ते इतके साठलेत की घरी आता ऐकायला कुणी तयार नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

*

पहिलं लीफलेट मी मोठ्या हौसेनं केलं होतं. ‘पाठदुखी, मायग्रेन, निद्रानाश... सगळं बरं होईल!’ महिन्याभरात जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्यांचं पत्र आलं. कुणीतरी तक्रार केली होती. भाषा इतकी नम्र की आधी मला वाटलं, कौतुकच केलंय! मुद्दा एकच होता: बरं होतं, याचा पुरावा पाठवा.

ताई मूळच्या नागपूरच्या. इथे रीतसर शिकल्या, वीस वर्षं हेच काम करतायत. त्या भडकल्या. "पुरावा कसला? माणूस वाकडा येतो, सरळ होऊन जातो!"

मी तसंच कळवलं, जरा सभ्य इंग्रजीत. उत्तर आलं, "किती माणसं? आणि त्याच काळात मसाज न घेता किती जण सरळ झाले?"

तिसऱ्या दिवशी ताई टॉवेलच्या घड्या घालताना म्हणाल्या, "अगं, प्रश्न बरोबर आहे की!"

*

लीफलेटमधून ‘बरं’ गेलं, मग ‘उपचार’ही गेला. म्हटलं, निदान क्लायंट्सचे अभिप्राय तरी टाकू. तर नियम असा, की ते खऱ्या माणसाचे आहेत हे दाखवता यायला हवं. दर गुरुवारी येणाऱ्या एका ब्रिटिश आजींनी फार सुंदर चार ओळी लिहून दिल्या होत्या. मी म्हटलं, "खाली सही आणि पत्ता द्याल का?"

आजी दचकल्याच. "नको गं! माझ्या मुलीला वाटतं, मी गुरुवारी चर्चच्या कामाला जाते."

*

वेबसाइटवर मी मेणबत्त्यांचा फोटो टाकला होता. मंद उजेड, गुलाबी टॉवेल वगैरे. त्या आठवड्यात नको त्या पुरुषांचे फोन सुरू झाले. एकानं तर ताईंनाच विचारलं, "मसाजशिवाय आणखी काय मिळतं?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "फॉर्म मिळतो. चार पानी आहे. जन्मतारीख, जुनी ऑपरेशन्स, बीपीची गोळी कुठली, सगळं भरायचं. सांगा, पूर्ण नाव काय?"

फोन कट!

मेणबत्त्यांच्या जागी आम्ही त्या फॉर्मचाच फोटो टाकला. तसे फोन जवळजवळ थांबले.

*

ताईंची मुलगी तन्वी इथेच जन्मलेली, कार्डिफला युनिव्हर्सिटीत आहे. मराठी मंडळाच्या अंकासाठी जाहिरात मराठीत हवी होती. ती म्हणाली, "मी लिहिते ना, मला येतो मराठी!" आम्ही न वाचताच पाठवली.

तिला लिहायचं होतं, ‘अंग मोकळं करून मिळेल.’ छापून आलं, ‘अंग मोडून मिळेल.’

मंडळातून लोकांचे धडाधड फोन. एक काका म्हणाले, "अहो, एकाच सिटिंगमध्ये मोडता की दोन लागतात?"

तन्वी रडवेली झाली. ताई तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "अगं, आजवरच्या जाहिरातींत पुरावा देता येईल अशी ही पहिलीच!"

*

आता शेवटचा. आमच्या भागात मसाजला कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, लायसन्स लागतं. या वर्षी रिन्यूअलला फाइलमध्ये ती जुनी तक्रार होती, त्यामुळे ताईंना आठवडाभर धड झोप नव्हती. लायसन्स मिळालं, हे आधीच सांगून टाकते. गंमत वेगळीच आहे.

तपासणीला आलेला ऑफिसर तरुण, एकदम कडक. चहा विचारला, नाही म्हणाला. पाणी विचारलं, तेही नको. "ड्यूटीवर असताना मी काही घेत नाही." बोर्ड वाचला, वेबसाइट वाचली, मग म्हणाला, "एखाद्या क्लायंटशी बोलायचंय."

बाहेर मिस्टर हॉबसन बसले होते. रिटायर्ड बस ड्रायव्हर, ऐंशीच्या घरातले, दर मंगळवारी अर्धा तास खांद्याला मसाज घेतात. ऑफिसरनं विचारलं, "तुमचं दुखणं बरं करू, असं यांनी कधी सांगितलं?"

"नाही."

"खांदा बरा झालाय?"

"नाही. तसाच आहे."

ताईंचा चेहरा उतरला. ऑफिसर लिहीत होता. "मग दर आठवड्याला येता कशाला?"

हॉबसन टोपी हातात फिरवत राहिले. म्हणाले, "बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर मला हात लावणारे दोघंच. एक न्हावी आणि दुसऱ्या या बाई. आणि मला केस फारसे राहिलेले नाहीत."

ऑफिसरचं पेन थांबलं. त्यानं फाइल मिटली, उठला, आमच्या छोट्या किचनमध्ये गेला आणि स्वतःच चहासाठी केटल लावली. कपाटातून चार मग काढले.