छोटी पुली

तेलंगण वेगळं झालं आणि पुढे आमच्या नार्नूरकडच्या गावात लाईट दिवसभर टिकायला लागली. आमची पिठाची चक्की मात्र घाईतच! पूर्वी लाईट तीन-चार तासच यायची. ती जायच्या आत सगळ्यांची ज्वारी दळून व्हावी म्हणून आमच्या यांनी मोटरवर मोठी पुली बसवली होती. दगड भरधाव फिरायचा, पीठ चटका देत बाहेर पडायचं. बाया तक्रार घेऊन यायच्या, "भाकर थापता थापता चिरते वो बाई!"

त्या ताणानं मोटरही दोनदा जळली. यांनी ठरवूनच टाकलं, चक्की विकायची आणि मंचेरियलला कामाला जायचं. वांकिडीचा एक गिऱ्हाईक सोमवारी येणार होता. चक्की रोज चालवत होते मी, आणि विकायला निघाले हे!

"आवो, लाईट आता जात नाई, मंग आपण काऊन पळून राह्यलो?"

"हळू फिरवली तं जास्त वेळ चालन. बिल वाढनच ना!"

माझं डोकंच फिरलं. जुनी छोटी पुली आम्ही दाराला अडण म्हणून लावायचो. ती उचलून यांच्यापुढे आपटली. "लावा. मोजून पाहू."

जेवढी वीज लागेल तेवढी मीटरमधली चकती फिरते, तिच्यावर लाल खूण असते. खूण समोर आली की एक चिंचोका टाकायचा. आधी मोठ्या पुलीवर डबाभर ज्वारी दळली. मग छोटी पुली लावून तेवढीच. या खेपेला चिंचोके यांच्याच हातात दिले, नंतर माझ्यावर ढकलायला नको! वेळ जास्त लागला खरा, पण चकती कशी रमतगमत फिरली. दुसरा ढीग चांगलाच लहान निघाला. यांनी तो दोनदा मोजला. तिसऱ्यांदा मोजायला बसले तेव्हा मी हात धरला.

सोमवारी गिऱ्हाईक आला. "मोटर खोलून दाखवा," म्हणाला.

"आता नाई जमत," हे म्हणाले. "बाया दळण घेऊन बसल्या हायेत."

"मंग केव्हा येऊ?"

यांनी माझ्याकडे बोट केलं. "तिले विचारा. चक्की तिची हाय."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं. मला रडूच कोसळलं. पिठाच्याच हातांनी डोळे पुसले आणि पुढचा डबा ओतला.