आईच्या नावावरची पुरणपोळी

अन्याय माझ्या आईवर झाला. मागच्या गणपतीत, सातव्या दिवशी, आरती आटोपल्यावर, भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या मंडपात. सगळ्यांदेखत.

मंडळाच्या स्मरणिकेला तिनं बासीवर लेख दिला होता. रात्रीचा भात पाण्यात ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा, हिरव्या मिरचीसोबत खायचा, ती बासी. छत्तीसगडचं खाणं. स्टील प्लांटमधल्या सोबत्यांच्या डब्यातून ते बाबांसोबत आमच्या कोहका वस्तीतल्या घरी आलं आणि राहिलं. भर उन्हाळ्यात भट्टीवर जाणाऱ्या माणसाच्या घशाखाली दुसरं उतरत नाही.

आई कणीक भिजवता भिजवता लेख जुळवायची आणि हात धुऊन लिहिलेलं मला वाचून दाखवायची. मी पत्रकं लिहिणारी. मागण्या लिहायच्या, खाली घोषणा टाकायची, एवढंच मला येतं. पण तिनं वाचलं, ‘कांदा बुक्कीनं फोडाचा. विळीवर चिरला तं तो भाताशी बोलत नाही,’ आणि मी जेवून बसलेली पोरगी उठून पातेल्याचं झाकण काढायला गेले. लिहिलेल्या ओळीनं भूक लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

मंडपात सचिवकाकांनी माईकवर आईचं नाव पुकारलं. शाल, नारळ, हातात उघडलेली स्मरणिका. “वहिनी, दोन ओळी वाचून दाखवा.”

आईनं चष्मा लावला. पानावर तिचं नाव, तिचा फोटो, आणि खाली पुरणपोळीची कृती. कोणा दुसऱ्याचीच.

माईक घरघरत होता. पहिल्या रांगेत नागपूरचे पाहुणे तोंडभर हसून वाट बघत होते. मी खुर्च्यांमधून पुढे निघाले. घोषणा घशाशी आली होती.

“वाचा ना, वहिनी.”

“हे मी नाही लिहिलं, भाऊजी.”

काकांनी माईकवर हात ठेवला. मी तोवर मंचापाशी पोचले होते. काका हळूच म्हणाले, “अहो, पाहुण्यांसमोर बासी वाचता काय? काय म्हणतील, इथला मराठी माणूस शिळं खाऊन राहिला? नाव तर तुमचंच छापलं ना.”

“तुमच्या घरचे दर उन्हाळ्यात माझ्याकडून अंबाडीची चटणी नेतात. ती कायच्या संगं खाता, पुरणपोळीच्या?”

पाहुण्यांतलं कोणीतरी फिसकन हसलं. आईनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरली. नारळ मात्र घरी आणला. म्हणाली, “नारळानं काय केलं?”

तेव्हापासून तिनं एक ओळ लिहिलेली नाही. विचारलं तर म्हणते, “कावून लिहू? पुन्हा पुरणपोळी करतीन.” मंडळ म्हणतं, पुढच्या अंकात दुरुस्ती छापू, जागा उरली तर.

तिचा लेख या पत्रकाच्या मागच्या बाजूला आहे, एकही शब्द न कापता. तुमच्याही घरी बासी होते. मी तुमच्याकडे खाल्ली आहे. आज जेवताना हा लेख मोठ्यानं वाचा. आणि रविवारी मंडळाच्या सभेत या, उभे राहा, काकांना सांगा: आम्ही खातो, छापा.