आईला झोपवू नका

बेलवलीच्या आमच्या घरात ऑपरेशनला कुणी भीत नव्हतं, भीती होती भुलीची. तिला कारण आमचे बाबा. काही वर्षांपूर्वी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. जखम सुरेख भरली, पण भुलीतून उठलेले बाबा आमचे राहिले नव्हते. आईला वहिनी म्हणायचे. दिवेलागणीला दाराशी जाऊन ‘घरी सोडा’ म्हणून हट्ट धरायचे, आणि ते दार त्यांनीच बांधलेल्या घराचं असायचं. त्यातून ते शेवटपर्यंत सावरले नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आम्हीही तेच म्हणत राहिलो.

त्यामुळे गेल्या वर्षी वालाच्या शेंगा सोलून उठताना आई अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तिनं रुग्णवाहिकेतच निकाल देऊन टाकला. "हाड मोडलं तं मोडलं. पन मना झोपवू नको, बाय. तुजा बा झोपला नि दुसराच मानूस उठला."

मी तिची थोरली मुलगी. लग्नानंतर शिरगावात, म्हणजे बदलापुरातच पण रुळांच्या पलीकडे राहते. भाऊ आईजवळ असतो, आणि शेजारच्या घरात आमची काकी. आम्ही तिघांनी आईला अंबरनाथच्या एका हॉस्पिटलात दाखल केलं. हाडांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ऑपरेशन केलं नाही तर या पुन्हा उठायच्या नाहीत. पडून पडून छाती भरेल, पाठीला जखमा होतील. आईला ऐकू कमी येतं, कानात मशीन असते. नको ते बोलणं सुरू झालं की ती मशीन काढून ठेवते. तशी तिनं डॉक्टरांच्या तोंडावर काढली आणि डोळे मिटून घेतले. मला हसावं की रडावं कळेना.

मग भूलतज्ज्ञ आल्या. भूल देणारा डॉक्टर म्हणजे आयत्या वेळी येऊन सुई टोचून जाणारा, अशी माझी समजूत. या बाई आदल्या दिवशीच आल्या. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या सिंधी घरातल्या, पण मराठी-हिंदीची बेमालूम मिसळ बोलणाऱ्या. त्यांनी आधी सोनोग्राफीच्या मशीनवर पाहत आईच्या जांघेत एक इंजेक्शन दिलं आणि पायाची कळ थांबवली. पडल्यापासून आवळलेला आईचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मग त्या स्टूल ओढून बसल्या आणि आई आपणहून मशीन कानात घालेपर्यंत बसूनच राहिल्या.

"आजी, पूरा बेहोश नाही करणार. कमरेच्या खाली सुन्न, बस. तुम्ही माझ्याशी बोलत राहायचं."

"आनि मी येडी झाली तं?"

मला वाटलं, त्या आता ‘काही होत नाही’ म्हणतील. सगळे तेच म्हणतात. त्या म्हणाल्या, "हो सकता है. या वयात काही जणांचं डोकं ऑपरेशननंतर भरकटतं. आधी आम्ही त्याला उमर म्हणून सोडून द्यायचो. आता त्याच्यावर खूप काम झालंय, नियम पण बदललेत. पूर्ण टाळता येईल असं नाही सांगणार. कमी करता येतं, आणि ते सगळं आपण करू."

आईनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग मला म्हणाली, "ही खोटं बोलत नाय. करू दे हिला."

त्या एका खऱ्या उत्तरासाठी मी त्या बाईंची जन्माची ऋणी आहे.

जाताना त्यांनी मला समजावलं. ऑपरेशन उद्याच, उगाच लांबवायचं नाही. झोपेची औषधं होईल तेवढी कमी. रात्रीपासून पाणी तोडण्याची जुनी पद्धत आता गेली, ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साखरपाणी चालेल. आणि कवळी तेवढी काढायची. चष्मा आणि कानाची मशीन मात्र आईजवळच राहिली पाहिजे. माणसाला दिसलं नाही, ऐकू आलं नाही की ते घाबरतं, आणि घाबरलेलं डोकं लवकर भरकटतं.

सकाळी नर्सनं आईला साखरपाणी दिलं, तेव्हा काकीनं ‘ऑपरेशन हाय ना आज!’ करून जवळजवळ पेलाच हिसकावला. तो मी वाचवला. मग औषधं आणायला खाली गेले आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं. आमच्याकडे बाई हॉस्पिटलात गेली की तिच्या अंगावरचं सोनं उतरवून घरी पोचवणं हे घरातल्या वडीलधारीचं पहिलं काम. काकीनं आईच्या पाटल्या, बोरमाळ, कानातल्या कुड्या उतरवल्या. चष्मा फुटेल आणि मशीन तर सोन्याच्या वर जपायची वस्तू, म्हणून ती दोन्हीही रुमालात बांधली आणि भावाच्या हाती गाठोडं बेलवलीला रवाना केलं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "मशीन कुठाय?"

"कपाटात. कुलूप लावून," काकी अभिमानानं म्हणाली.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. "मी कानाशी बोलेन. पण बाहेर येण्याआधी आणा," एवढंच म्हणून आत गेल्या. मी भावाला फोन केला. चिडायचं काम मी केलं, आणि मनापासून केलं.

काकी बाकावर बसली. मग म्हणाली, "भावजींचा चष्मा पन मीच कपाटात ठेवलेला गं. घरी येईपर्यंत."

माझा राग जागच्या जागी विरला. चष्म्यानं बाबा बरे झाले असते असं कुणीच सांगू शकत नाही. पण धुरकट दिसणाऱ्या त्या खोलीत ते किती घाबरले असतील, हे तोवर आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी काकीचा हात हातात घेतला.

ऑपरेशन नीट झालं. वॉर्डात आणल्यावर आईनं माझ्याकडे पाहिलं. "कोन तू? माजी पोर कुठं हाय?" आणि सलाईनची नळी ओढायला लागली. भाऊ चष्मा आणि मशीन घेऊन परतताना हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. डॉक्टरबाई आल्या, नर्सला म्हणाल्या, "झोपेचं इंजेक्शन अजिबात नको." मला म्हणाल्या, "हात धरा. कानाशी बोला, काहीही बोला." मी बेलवलीच्या अंगणाबद्दल बोलत राहिले, वालाबद्दल, शेजारच्या कोंबड्यांबद्दल.

भाऊ घामाघूम होऊन आला. मशीन कानात गेली, चष्मा नाकावर बसला. लगेच काही झालं नाही. आई छताकडे बघत होती, मग खिडकीकडे, मग भावाकडे. शेवटी नजर माझ्यावर येऊन थांबली.

"केस इंचर आधी. अवदसा दिसतेस."

शिवी खाऊन इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. मी तिच्या पायाशी बसून हमसून रडले.

संध्याकाळी ती पुन्हा थोडी भरकटली. तसं होईल हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतंच. पण आता काकी पहाऱ्याला होती. दिवसा पडदे उघडे ठेवायची, रात्री दिवे बंद करायची आणि भेटायला आलेल्या नातेवाइकांना बिस्किटांच्या पुड्यांसकट परत पाठवायची. दुसऱ्या दिवशी आई वॉकर धरून दारापर्यंत गेली. हळूहळू तिचं डोकं जागेवर आलं, आणि तोंडही.

घरी सोडणार त्या सकाळी शेजारच्या खाटेवरच्या उल्हासनगरच्या म्हाताऱ्या बाईंना ऑपरेशनला नेत होते. त्यांची सून सासूच्या बांगड्या उतरवून पिशवीत टाकत होती. तिचा हात चष्म्याकडे गेला तशी आई वॉकर सरकवत तिथं पोचली.

"सोना लेके जाव," ती म्हणाली. "चष्मा रैने दो. उठेगी तो उसको अपना मानूस दिकना मंगता."