भरलेला फळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी माझी प्रत्येक बढाई दोन-दोनदा ऐकवली आहे.

बढाई मारण्यासारखं माझ्याकडे काही होतं, हे आधी मान्य करा. साठ सालाच्या आसपास मी अकोल्यातल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, टाइमकीपर होतो. फाटकावर नुसता सावळागोंधळ. कोण आत आहे, कोण घरी गेलं, कुणाला पत्ता नसे. मी फळा बसवला. प्रत्येक मजुराचा एक खिळा, खिळ्यावर त्याच्या नंबराचा पितळी बिल्ला. आत जाताना बिल्ला गळ्यात घालायचा, बाहेर पडताना परत अडकवायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस आत. फळा भरला की कारखाना रिकामा, मगच फाटकाला कुलूप. साधं आहे ना? मग माझ्याआधी कुणाला का सुचलं नाही?

त्या फळ्यापुढे उभा राहिलो की माझी मान आपोआप ताठ व्हायची. अजूनही होते.

एका संध्याकाळी सगळे गेले आणि एक खिळा रिकामा राहिला. गयाबाईचा. जुन्या शहरातून यायची, कापसातला कचरा वेचायच्या कामावर होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खरं तर मी आत जाऊन पाहायला हवं होतं. पण बायका कधीकधी बिल्ला गळ्यातच विसरून घरी जात — तशीच गेली असेल, म्हटलं. आणि सकाळी शेठजी अमरावतीच्या पाहुण्यांना माझा फळा दाखवायला आणणार होते. त्यांना रिकामा खिळा दाखवू? माझ्या टेबलात मी जादा बिल्ले करवून ठेवले होते — हे फक्त मला ठाऊक. तिच्या नंबराचा काढला, अडकवला, कुलूप लावलं.

सकाळी पाहुणे फळ्याचं कौतुक करत होते, तेवढ्यात गोदाम उघडलं आणि गयाबाई बाहेर आली. अंगात ताप, केसांत कापूस.

“मी त कालपासून अंदरच आहो, शेठजी. ताप आला म्हून पडली होती. बिल्ला पाहा ना, माह्या गळ्यातच हाय.”

शेठजींनी फळ्याकडे पाहिलं. फळा भरलेला. मग माझ्याकडे पाहिलं.

काय बोललो असेन मी?

“फळा चुकत नाही, शेठजी. तिचाच बिल्ला खोटा आहे.”

तिच्या गळ्यातला बिल्ला मी काढून घेतला, फळ्यावरचाही उतरवला; दोन्ही माझ्या हातात होते. तिचा गळ्यात घासून गुळगुळीत झालेला, माझा नवा कोरा. कुणीही पाहिलं असतं तर कळलं असतं. कुणी पाहिलं नाही, कारण फळ्यावर सगळ्यांचा विश्वास होता — तो विश्वास मीच कमावला होता. संध्याकाळी बिल्ला अडकवून गेली आणि रात्री भिंत चढून कापूस चोरायला आली, असं ठरलं. तिला त्याच पावली काढलं. जाताना तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. तिला कळलं होतं.

मग अकोल्यातल्या कुठल्याच जिनानं तिला घेतलं नाही. चोर हे नाव तिच्याआधी पोचायचं. ती परतवाड्याला भावाकडे गेली, एवढंच कानावर आलं.

मी नियम केला — गोदामं स्वतः फिरून आल्याशिवाय फळा भरला म्हणायचं नाही, आणि जादा बिल्ले फाटकावर ठेवायचे नाहीत. पुढे माझा फळा अमरावतीला गेला, चांदूर बाजारला गेला, या नियमासकट. बसवायला शेठजींच्या जीपमधून मीच जायचो. चांदूर बाजारचा मॅनेजर म्हणाला, “फळा त कोनीबी करन. पन हा नियम तुमाले सुचला कसा?”

“अनुभवानं,” मी म्हणालो.

त्यानं चारचौघांत माझी पाठ थोपटली. मला फार बरं वाटलं — आत्ता सांगतानाही वाटतं आहे, खोटं कशाला बोलू? गयाबाईचं नाव मी तिथेही घेतलं नाही.