भुजलीची साक्ष

मोहाडीच्या बाजारात स्कूटी उभी करायला जागा मिळणं हा एक विजयच असतो, आणि विजयाच्या भरात माणूस स्टँड नीट लागला की नाही ते पाहत नाही. धम्मदीप वकिलांनीही पाहिलं नाही. काळा कोट हातावर टाकून ते कांद्याच्या ढिगाकडे वळले, तोच मागून धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ एका बाईचा, "अगा बापा! मेले हो सारे!"

मेले होते ते मासे. म्हणजे ते आधीचेच मेलेले, आता चिखलात पडले होते एवढंच. रेवताबाईचा घमेला स्कूटीखाली चेपला होता, रोहू नालीच्या काठावर हारीनं पसरले होते, आणि एक मरळ तेवढी जिवंत होती, ती संधी साधून शेजारच्या पालकाच्या जुड्यांत शिरली होती.

"माफ करा मावशी, सारे मासे मी घेतो," वकील घाईघाईनं म्हणाले.

रेवताबाईनं कमरेवर हात ठेवले. "सारे?"

"सारे."

"मंग उचला."

वकील उकिडवे बसले. चार मासे उचलल्यावर डोकं ठिकाणावर आलं. घरी माणसं दोन, फ्रीज लहान, आणि प्रतिक्षा, म्हणजे त्यांची बायको, मासे आणले तर साफ कोण करणार हा प्रश्न दारातच विचारणारी.

"मावशी, अर्धे घेतले तर चालेल का?"

"काहून? सारे म्हणले नं तुमी? आता हे चार लोक आयकून राहिले." पालकवाल्यानं मरळ शेपटीला धरून वर केली आणि साक्षीदारासारखी मान हलवली.

वकिलांनी सारे घेतले. रेवताबाईनं पिशवीचं तोंड बांधता बांधता त्यांच्या कोटाकडे पाहिलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, उन्हानं रापलेली, जाळ्याच्या दोरीनं बोटांना कायमचे घट्टे पडलेले. मघाचा खणखणीत आवाज तिनं एकाएकी खाली आणला.

"वकीलसाहेब, एक इचारू? तोंडानं बोललेलं कोर्टात चालते का नाही?"

"चालतं की! आत्ताचंच पाहा. मी सारे घेतो म्हणालो, तुम्ही हो म्हणालात. झाला करार. कागद नाही, सही नाही, तरी पक्का."

रेवताबाईचा चेहरा असा काही उजळला की वकिलांना स्वतःचाच अभिमान वाटला. हा त्या दिवसातला त्यांचा दुसरा अपघात. पहिल्यात निदान घमेलाच चेपला होता.

उलटा घमेला घालून रेवताबाईनं त्यांना त्यावर बसवलं आणि सांगायला घेतलं. तिच्या गावात गोपीचंदभाऊंच्या शेताला लागून त्यांची खासगी बोडी आहे, लहानसा तलाव. बेशरमाच्या झुडपांनी भरून गेली होती. दोन वर्षांपूर्वी गोपीचंदभाऊ स्वतः म्हणाले, "रेवताबाई, साफ कर, बीज टाक. तीन उन्हाळे मासोळी तुझी. पहिली मासोळी तेवढी आमच्या घरी दे." तिनं झुडपं उपटली, मासोळीचं बीज टाकलं, बगळ्यांवर दगड भिरकावत काठच्या पाळीवर बसून राहिली. पहिल्या उन्हाळ्यात मासोळी तळहाताएवढी निघाली, तिनं मोठी तेवढी काढली आणि बाकीची पुढच्या सालासाठी सोडून दिली. आता तीच कोपरापासून बोटापर्यंत भरते. आणि आता गोपीचंदभाऊ म्हणतात, बोडी ठेकेदाराला दिली. सोमवारी मोहाडीला नोंदणीच्या कागदावर सही.

"तेव्हा कागद का नाही केला?"

"म्या म्हणलं होतं, लिहून घ्याव का. तं माही भुजलीच हासली माह्यावर. म्हणे, मी आहो नं साक्षीले, कागद कायले पाहिजे?"

ही भुजली म्हणजे गोपीचंदभाऊंची बायको, ज्योत्सना. दोघींचं माहेर अड्याळचं. एकीचा बाप मासे धरणारा, दुसरीचा शेतीवाला. पण श्रावणात टोपलीत गहू पेरून अंधारात वाढवायचे, राखीच्या दुसऱ्या दिवशी तलावावर शिरवायचे, म्हणजे पाण्यात सोडायचे, आणि त्यातले पिवळे कोंब जिच्या कानामागे खोवले ती जन्माची भुजली. मग तिचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. या दोघींनी परकराच्या वयात एकमेकींच्या कानामागे कोंब खोवले होते, आणि पुढे योगायोगानं दोघी एकाच गावात सून म्हणून आल्या. सुखात भांडताना, दुःखात रडताना, नळावर रांगेत एकमेकींवर खेकसताना, हाक एकच. भुजली.

वकिलांनी पिशवीतल्या माशांकडे पाहिलं, मग आभाळाकडे. लावलेला दिवा आता त्यांनाच विझवायचा होता.

"मावशी, थोडी भानगड आहे. टोपलीतली मासोळी तोंडी विकता येते. पण तलावातली मासोळी तीन-तीन वर्षं धरायचा हक्क, हा कायद्याच्या लेखी जमिनीतलाच हक्क. आणि जमिनीतला हक्क द्यायचा तर लेखी कागद लागतो, त्याची नोंदणी लागते. नुसता शब्द तिथे चालत नाही."

रेवताबाईनं पिशवीकडे बोट दाखवलं.

"म्हंजे मासोळी पोहून राहिली का जमीन, अन् घमेल्यात मेली का माल?"

"साधारण तसंच."

"हा कायदा केला तो कधी तलावात उतरला होता का?"

मासे वकिलांच्या मांडीवर होते आणि बाईचा उजेड गेलेला चेहरा समोर होता, म्हणून ते म्हणाले, "कोर्टात नाही जमणार, गावात जमवू. सही व्हायची आहे अजून. तुमची भुजली नवऱ्यासमोर एवढंच म्हणाली, की हो, असं बोलणं झालं होतं, तर कुठल्या तोंडानं सही करेल तो माणूस?"

"थे म्हणनच," रेवताबाई म्हणाली. "भुजली होय थे."

रविवारी वकील गावात पोचले. या वेळी स्कूटीचा स्टँड त्यांनी दोनदा हलवून पाहिला.

गोपीचंदभाऊ भांडखोर असते तर बरं झालं असतं. ते निघाले अगत्यशील. त्यांनी अंगणात खुर्च्या टाकल्या, चिवड्याच्या बशा भरल्या, वकिलांचे वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते हे कळल्यावर तिथल्या बसचं टायमिंगही विचारलं. वकिलांनी विषय काढेपर्यंत त्यांच्या तोंडात चिवडा होता, आणि चिवडा खाल्लेल्या घरात कडक बोलणं अवघड जातं.

"बोललो असन साहेब," गोपीचंदभाऊ म्हणाले. "पण थे एका सालापुरतं. रेवताबाईनं लांबवून आयकलं."

"तीन उन्हाळे म्हणले होते तुमी," रेवताबाई म्हणाली. "बोडीच्या पाळीवर. जांभळीखाली."

"आता काय करू बाई? ठेकेदाराले शब्द देऊन बसलो. दिलेला शब्द मोडता येते का, तुमीच सांगा वकीलसाहेब."

वकिलांना ठसका लागला. दहा वर्षांच्या वकिलीत समोरच्या पक्षाकडून त्यांनी बरीच निर्लज्ज वाक्यं ऐकली होती, पण इतक्या प्रेमानं पाणी पुढे करत कुणी ऐकवलं नव्हतं.

तेवढ्यात ज्योत्सना चहाचा ट्रे घेऊन दारात आली. रेवताबाई खुर्चीत सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावर धाकधूक अजिबात नव्हती, हेच वकिलांना पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. तिकीट खिशात असलेला माणूस कंडक्टरकडे जसा पाहतो, तशी ती दाराकडे पाहत होती.

"भुजली, तू सांग वो. तीन उन्हाळे म्हणले होते का नाही भाऊ?"

ज्योत्सनानं नवऱ्याकडे पाहिलं नाही, रेवताबाईकडेही पाहिलं नाही. पुढे येऊन एकेकाला कप देत, कपांकडेच पाहत ती म्हणाली, "मले काही आठवत नाही, रेवताबाई."

गोपीचंदभाऊंना त्या वाक्यात काही वावगं जाणवलं नाही. त्यांनी वकिलांना साखर बरोबर आहे का विचारलं. वकील मात्र कप तोंडाशी नेता नेता थांबले. अड्याळच्या तलावावर कानामागे कोंब खोवला त्या दिवसापासून जे नाव या बाईनं उच्चारलं नव्हतं, ते तिनं आत्ता चहासोबत पुढे केलं होतं, मागे 'बाई' लावून, एखाद्या परक्या माणसाला म्हणावं तसं.

वकील वाट पाहत होते, की रेवताबाई आता ओरडेल, बाजारात ओरडली तशी. बाजारात चार मासे चिखलात पडले तर तिनं अख्खी ओळ गोळा केली होती. इथे तिनं चहाचा कप होता तसा खाली ठेवला, बशी सरळ केली आणि उठली. ज्योत्सना रिकामा ट्रे घेऊन वाटेतच उभी होती. रेवताबाई तिच्या जवळून गेली, तेव्हा ती एक पाऊल मागे सरकली.

परतीची वाट बोडीवरूनच होती. मार्चचं ऊन, पाणी अर्ध्यावर आलेलं, मधूनच एखादी मासोळी उसळून पुन्हा आत जात होती. पाळीवर जांभळीखाली आल्यावर रेवताबाई थांबली. पदराच्या गाठीत तिनं धानाचा कोंडा आणला होता. तिनं गाठ सोडली आणि मूठ मूठ पाण्यात टाकायला लागली. पाण्यावर तोंडं वर आली.

"मावशी, सोमवारपासून ही ठेकेदाराची," वकील हळूच म्हणाले.

"आज रविवार होय नं."

वकिलांनी घसा साफ केला. बीज टाकलं, बोडी साफ केली, राखण केली, त्याची भरपाई मागता येईल, असं ते म्हणाले. उद्याच नोटीस तयार करतो, फी नको, तुमचे मासे अजून फ्रीजमध्ये आहेत, प्रतिक्षा अजून माझ्याशी धड बोलत नाही. यावर बाजारातली रेवताबाई हसली असती. ही कोंडा टाकत राहिली.

गप्प बसावं हे वकिलांना कळत होतं. पण गप्प बसणं त्यांच्या धंद्यात नव्हतं, आणि बाईचं ओझं थोडं तरी हलकं करावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून ते जवळ जाऊन म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका मावशी. तिला आठवलं असतं तरी काय? कोर्टाला तिची साक्ष लागलीच नसती."

रेवताबाईनं रिकामा पदर झटकला.

"मले लागत होती."